राखड, कॉस्टिक आणि नाल्याचं पाणी

इरईकाठची
मंगळवार, रात्री १०:१०

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. मी चंद्रपूरला राहते, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. आमच्याकडे दोरीवरचे कपडे झटकल्याशिवाय कोणी घडी घालत नाही. कारण सगळ्यांना माहीत आहे. २९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र शेजारी आहे आणि आपल्या दगडी कोळशात ३० ते ४५ टक्के राखच असते. राखेला इकडे राखड म्हणतात.

गेली दोन वर्षं एम.एस्सी.च्या मुलांना घेऊन एकच उद्योग चालू आहे: राखडीपासून झिओलाइट करायचं आणि त्यानं सांडपाणी साफ करायचं. 'कचऱ्यातून सोनं' अशा बातम्या वर्षातून दोनदा येतात आणि त्या वाचून मलाही सुरसुरी आली होती. आता थोडी शहाणी झालेय. काय जमलं, काय फसलं ते लिहिते. जाणकारांनी भर घालावी.

आधी कल्पना काय ते. उडणाऱ्या राखेत निम्म्याहून जास्त सिलिका, साधारण पाव हिस्सा अॅल्युमिना, बाकी लोह, चुना वगैरे. भट्टीतून निघताना ती झटकन थंड होते, म्हणून बरीचशी काचेसारखी असते. ही काच तीव्र कॉस्टिक सोड्यात गरम केली की विरघळते आणि तेच सिलिकॉन-अॅल्युमिनियम नव्यानं जुळून झिओलाइटचे स्फटिक बनतात. झिओलाइट म्हणजे अणूंच्या आकाराची भोकं असलेली चाळणी. फक्त ही नुसती गाळत नाही, अदलाबदलही करते. आपल्यातलं सोडियम सोडते आणि पाण्यातलं अमोनियम, शिसं, जस्त, तांबं धरून ठेवते. १९८५ मध्ये ह्योलर आणि विर्शिंग या दोघा जर्मन संशोधकांनी राखेपासून हे करून दाखवलं, तेव्हापासून जगभर चालू आहे. आमच्या शेजारी नागपूरला नीरीनं (पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था) राखेपासून झिओलाइट-ए बनवण्यावर काम केलंय, कपडे धुण्याच्या पावडरीतल्या फॉस्फेटला पर्याय म्हणून.

आम्ही काय केलं? १०० ग्रॅम राख, एक लिटर २ मोलर कॉस्टिक, ९५ अंशावर २४ तास. पहिल्याच वेळी मुलांनी काचेचा फ्लास्क वापरला. दुसऱ्या दिवशी फ्लास्क आतून धुरकट झालेला, दुधी बल्बसारखा. गरम कॉस्टिकनं राखेबरोबर काचही खाल्ली होती. म्हणजे आमच्या पहिल्या झिओलाइटमध्ये कॉलेजच्या भांडारातली सिलिकासुद्धा आहे! तेव्हापासून जाड प्लॅस्टिकच्या बाटल्या.

मग धुणं. धुणं कोणत्याच पेपरात नीट लिहिलेलं नसतं. 'उदासीन होईपर्यंत धुवावे' एवढंच. आम्ही अकरा वेळा धुतलं तेव्हा कुठे पीएच ९ च्या खाली आला. प्रत्येक वेळी राख खाली बसायची वाट बघायची, वरचं पाणी ओतायचं, पुन्हा नवं पाणी. शेवटी मिळाली फिकट करडी भुकटी. एक्स-रे तपासणीसाठी बाहेर पाठवली. आलेखात झिओलाइट-पी होतं, आणि राखेतली मूळची स्फटिक खनिजं, क्वार्ट्झ-म्युलाइट, जागच्या जागी तशीच होती. ती हट्टी, कॉस्टिकला दाद देत नाहीत.

डिस्टिल्ड पाण्यात शिसं घालून चाचणी घेतली, ९५ टक्क्यांच्या वर काढलं. पोरं नाचली. मग शहरातल्या एका नाल्याचं पाणी आणलं, त्यात तेवढंच शिसं घातलं. निम्मंही निघालं नाही.

पुढचं उद्या लिहिते, ताप आहे अंगात. तोवर तुम्ही बोला.

शंकासुर
मंगळवार, रात्री १०:४८

वाचतोय. पण मूळ शंका: शिसं त्या भुकटीत गेलं, मान्य. मग ती भुकटी कुठे जाणार? आधी राखेचा ढीग होता, आता शिसं प्यायलेल्या राखेचा ढीग. कचऱ्याचाच कचरा.

आजीची_राखुंडी
मंगळवार, रात्री ११:०५

इरईकाठची, आधी बरी हो. लिहिणं कुठे पळून जात नाही.

मला यातलं काही कळत नाही, पण लहानपणी आम्ही भांडी चुलीच्या राखेनंच घासायचो. पाणी गढूळ आलं की आई तुरटी फिरवायची, आजोळी माठाला आतून निवळीची बी घासायचे. मग राख पाण्याला काही नवी नाही ना? माझ्या बहिणीकडे मुद्दाम गावाहून चुलीची राख येते अजून.

जुना_केमिस्ट
बुधवार, सकाळी ६:३२

वीजकेंद्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढली, त्यामुळे राहवत नाही.

आजीताई, चुलीची राख आणि वीजकेंद्राची राख या दोन वेगळ्या जाती. लाकडाच्या राखेत पोटॅशचे क्षार असतात, तेलकटपणा त्यानं सुटतो. दगडी कोळशाची राख भांड्यांना लावू नका. तिच्यात आर्सेनिक, सेलेनियम, बोरॉन, क्रोमियम हे सगळे थोडे थोडे असतात. कोळसा जळून जातो, हे मागे राहतात आणि राखेत एकवटतात.

इरईकाठची, तुम्ही अकरा वेळा धुतलंत. ते धुवण कुठे ओतलंत, हा माझा पहिला प्रश्न. रागावू नका. आर्सेनिक, सेलेनियम, मॉलिब्डेनम हे अल्कलीत चांगले सुटतात. म्हणजे तुमच्या कॉस्टिकनं राखेतून झिओलाइट घडवताना ही मंडळीही बाहेर काढली. भुकटी त्यामुळे बरीच स्वच्छ झाली असेल, पण घाण त्या बाटलीतल्या पाण्यात गेली.

दुसरं, हिशेब करू. २ मोलर म्हणजे लिटरला ८० ग्रॅम कॉस्टिक. १०० ग्रॅम राखेला एक लिटर. म्हणजे किलोभर राखेला ८०० ग्रॅम कॉस्टिक! त्यातलं थोडंच झिओलाइटमध्ये जातं, बाकी पाण्याबरोबर. राख फुकट असेल, कॉस्टिक फुकट नाही. ते स्वतः मिठापासून वीज खर्चून बनतं, आणि ती वीज आपल्याकडे बहुतेक कोळशाची. राख संपवायला आणखी राख.

शंकासुर
बुधवार, सकाळी ९:१५

काका, शेवटचं वाक्य फ्रेम करून लावावं असं आहे.

खडकवेडा
बुधवार, सकाळी ११:२०

झिओलाइट म्हटल्यावर मी येणारच.

तुम्ही प्लॅस्टिकच्या बाटलीत जे २४ तासांत करता तेच सह्याद्रीनं लाव्हा थंड झाल्यावर सावकाश केलंय. आपल्या बसाल्टमध्ये वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या राहिल्या, त्यांतून गरम क्षारयुक्त पाणी फिरलं आणि आत स्टिल्बाइट, ह्युलँडाइट, स्कोलेसाइट अशी झिओलाइटं उगवली. पुणे, नाशिक, जळगाव भागात खाणीत सुरुंग लागला की कधीकधी अख्खी पोकळी चमचमत उघडते. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात जाऊन या, डोळे दिपतील. कामगार त्यांना सरसकट गारगोट्या म्हणतात.

नावाचीही गंमत आहे. १७५६ मध्ये स्वीडनच्या क्रोनस्टेट यानं असा खडा तापवला तर त्यातून वाफ निघून तो उकळल्यासारखा दिसला. म्हणून ग्रीकमध्ये 'उकळणारा दगड'. त्या पोकळ्यांत पाणी बसलेलं असतं ते बाहेर पडतं.

अवांतर: अमेरिकेत थ्री माइल आयलंडला १९७९ मध्ये अणुभट्टीचा अपघात झाला, तिथलं किरणोत्सारी पाणी साफ करताना झिओलाइटच वापरलं. सीझियम पकडायला यासारखं स्वस्त काही नाही.

ऊसवाला
बुधवार, दुपारी १:४०

आमच्याकडं कोल्हापूर बाजूला कोळसा नाही, चिपाड जळतं. कारखान्याच्या बॉयलरातनं निघणारी राख काळी कुळकुळीत, कारण अर्धवट जळलेल्या चिपाडाचा कोळसा तिच्यात भरपूर. रुर्कीतल्या संशोधकांनी याच चिपाडाच्या राखेनं रंग, जड धातू काढायचे बरेच प्रयोग केलेत. आमच्या एका साहेबांनी कुठंतरी वाचलं आणि ठरवलं, मळीच्या पाण्याचा रंग राखेनं काढायचा.

तीनशे लिटरचा ड्रम, तळाशी खडी, वर वाळू, मग राख. वरनं पाणी सोडलं. पहिली बादली निघाली ती आत ओतलेल्यापेक्षा काळी! राखेतली बारीक कोळशी धुऊन आली. साहेब म्हणाले, थांबा, धुऊन निघू दे. तासाभरानं रंग खरंच जरा उतरला, कोकमसारखा होता तो चहासारखा झाला. संध्याकाळपर्यंत पाणी उतरायचंच बंद. राखेचा लगदा होऊन ड्रम ठार बसला. रिकामा करायला चार माणसं लागली आणि तो काळा चिखल कुठं टाकायचा यावर आठवडाभर वादावादी. नाद सोडला.

त्यामुळं ताई, तुमच्या भुकटीतनं पाणी उतरतं का, हे आधी सांगा.

इरईकाठची
बुधवार, रात्री ९:५५

ताप उतरला. आजी, धन्यवाद.

जुना_केमिस्ट काका, रागावले नाही, लाजले. पहिले दोन महिने धुवण बेसिनमध्येच जात होतं. नंतर शेजारच्या विभागातल्या एका मॅडमनी हेच विचारलं, तेव्हापासून कॅनमध्ये साठवतो. पण त्यातून एक चांगली गोष्ट निघाली. पहिल्या फेरीचं कॉस्टिक फेकायचं नाही, थोडं ताजं घालून पुढच्या राखेला वापरायचं. त्यात आधीची सिलिका विरघळलेली असतेच. चार फेऱ्या केल्या, झिओलाइट थोडं कमी बनलं पण बनलं. तुम्ही म्हणता ते आर्सेनिक त्यात साठत जाणार, हे मात्र डोक्यात नव्हतं. ते मोजायला हवं. पाचवी फेरी तोवर थांबवलीय.

ऊसवाला, नाही उतरत. तेच माझं दुसरं रडगाणं. भुकटी मैद्यासारखी. उभ्या नळीत भरली आणि वरून पाणी सोडलं की दहा मिनिटांत घट्ट. म्हणून पेपरांतल्या बहुतेक चाचण्या बाटलीत ढवळून केलेल्या असतात. बाटलीत ढवळून कोणी शहराचं सांडपाणी साफ करत नाही.

मग गोळ्या करून पाहिल्या. कुंभाराची माती आणली, भुकटीत मळली, बोराएवढ्या गोळ्या वळल्या, वाळवून भाजल्या. मजबूत झाल्या, पाण्यात टिकल्या, पण काम करेनात. जास्त तापवलं की झिओलाइटची रचना मोडते. चाळणीच वितळली म्हणायची. कमी भाजल्या तर पाण्यात दुसऱ्या दिवशी चिखल.

आता नाल्याच्या पाण्याचं. ते कोडं सुटायला सहा महिने लागले आणि उत्तर अगदी साधं निघालं. आमच्याकडचं पाणी जड. कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर. झिओलाइटला शिसं जास्त आवडतं हे खरं, पण शिसं एक आणि कॅल्शियम शेकडो. एसटीत खिडकीची जागा तुम्हाला कितीही आवडत असली तरी आधी चढलेले शंभर जण बसलेत त्याचं काय? वर सांडपाण्यातले सेंद्रिय पदार्थ शिशाला स्वतःच धरून बसतात, सुटं होऊच देत नाहीत. डिस्टिल्ड पाण्यातले आकडे म्हणजे रिकाम्या एसटीतले आकडे.

गोंदियाकर
गुरुवार, सकाळी ८:०५

राखेनं पाणी साफ होत नाही असं कोणी समजू नये म्हणून लिहितो. आमच्याकडे राईस मिल चिक्कार. भाताचा पाचवा हिस्सा तूस आणि तूस जाळलं की त्याचा पाचवा हिस्सा राख. तिच्यात ८५ ते ९५ टक्के सिलिका. फार न तापवता जाळलं तर ती सिलिका स्फटिक होत नाही, सच्छिद्र राहते.

पुण्यात टाटांच्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्रानं याच राखेचा 'सुजल' नावाचा फिल्टर केला होता, राख सिमेंटमध्ये घट्ट बसवून. पुढे त्याच राखेवर चांदीचे अतिसूक्ष्म कण बसवून 'टाटा स्वच्छ' डिसेंबर २००९ मध्ये बाजारात आला, ७४९ आणि ९९९ रुपयांना. विजेशिवाय, नळाशिवाय. आमच्या घरी होता. कॅप्सूलमधून थेंबथेंब पाणी पडायचं आणि रात्री स्वयंपाकघरात घड्याळासारखा आवाज.

पण त्याचं काम जंतू आणि गढूळपणा. विरघळलेले क्षार तो काढत नाही, आणि तसा त्याचा दावाही नव्हता. आमच्या शेजारच्या काकू 'खारं पाणी गोड होईना' म्हणून त्यालाच शिव्या द्यायच्या.

शंकासुर
गुरुवार, सकाळी ८:५०

हे पटलं. म्हणजे कोणती राख, कोणतं पाणी आणि त्यातलं काय काढायचं, या तीन प्रश्नांशिवाय 'राखेनं पाणी शुद्ध' या वाक्याला अर्थ नाही.

वणीवाली
गुरुवार, दुपारी १२:१५

पहिल्यांदाच प्रतिसाद देतेय. माझं सासर यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याकडे. तिथे बोअरच्या पाण्यात फ्लोराइड. लहान मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसतात, म्हाताऱ्यांचे गुडघे वाकलेले. राखेच्या या झिओलाइटनं फ्लोराइड निघेल का? चंद्रपुरात राखड आहे आणि तिकडेही फ्लोराइड आहे, म्हणजे औषध दारातच असल्यासारखं.

इरईकाठची
गुरुवार, दुपारी ३:३०

वणीवाली, मीही अगदी हाच विचार करून सुरुवात केली होती. नाही निघत हो. झिओलाइटच्या जाळ्यात सिलिकॉनच्या जागी अॅल्युमिनियम बसतं तेव्हा जाळ्यावर ऋण भार येतो. तो भार फेडायला सोडियम येऊन बसतं आणि त्याचीच पुढे अदलाबदल होते. फ्लोराइड स्वतः ऋण. दोघं एकमेकांना ढकलतात. नायट्रेट आणि आर्सेनिकचंही तेच. झिओलाइटवर अॅल्युमिनियम किंवा लँथनमचा थर चढवून फ्लोराइड पकडतात, पण मग काम त्या थराचं असतं. राखड फक्त हमाल.

तुमच्याकडे तुरटी-चुन्याची नालगोंडा पद्धत, तीही नीरीचीच, किंवा अॅक्टिव्हेटेड अॅल्युमिनाचा फिल्टर, हेच बरे. त्याहून बरं म्हणजे फ्लोराइड नसलेला दुसरा स्रोत. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. बोअरचं पाणी तपासून घ्या, डोळ्यांनी आणि चवीनं कळत नाही. आणि कोणी राखडीचा 'घरगुती फ्लोराइड फिल्टर' विकायला आला तर दारातूनच परत पाठवा.

बल्कर
गुरुवार, रात्री ११:३०

नमस्कार राजेहो. मी राखडीचा बल्कर, म्हणजे बंद टँकर, चालवतो, गडचांदूर बाजूच्या सिमेंट कंपन्यांकडे. धागा पूर्ण वाचला, ढाब्यावर बसलो आहे.

एक गोष्ट कोणी बोलून नाही राहिलं. चांगली राखड तुमच्या हाती लागतच नाही. सायलोतून कोरडी, बारीक निघते ती सरळ बल्करमध्ये आणि सिमेंटमध्ये. पीपीसी म्हणतात त्या सिमेंटात ३५ टक्क्यांपर्यंत राखड चालते. जाड आणि खालची राख पाण्यासोबत पाइपातून तळ्यात जाते. तुम्ही जी तळ्यातून उचलली असन ती वर्षानुवर्षं भिजलेली.

अजून एक. राखेच्या तळ्यावर पांढरा फेस तरंगतो. फेस नाही तो, राखेचेच पोकळ गोळे. हवा भरलेले. लोकं जाळीनं गोळा करून विकतात, त्याला चांगला भाव येते. तळ्यातल्या बाकी राखडीला कोणी विचारत नाही.

उन्हाळ्यात तळं वाळलं अन् वारं सुटलं की गाडीची काच दिसत नाही. पाण्याचं मग पाहा, आधी ते हवेत उडते त्याचं काही करा.

जुना_केमिस्ट
शुक्रवार, सकाळी ६:१०

बल्करभाऊंनी दुखरी नस दाबली. ते तरंगणारे गोळे म्हणजे सेनोस्फिअर. आम्ही नमुने घ्यायला जायचो तेव्हा काठावर मुलं जाळी घेऊन उभी असायची.

आकड्यांत सांगतो. देशात २०२१-२२ मध्ये सुमारे २७ कोटी टन राख निघाली. राखेच्या वापराबद्दलची १९९९ ची सरकारी अधिसूचना, तिच्या दुरुस्त्या आणि मग ३१ डिसेंबर २०२१ ची नवी अधिसूचना: राख १०० टक्के वापरा, न वापरलेल्या राखेवर टनाला १००० रुपये भरपाई. या धाकानं सिमेंट, विटा, रस्ते, खाणींचे खड्डे इकडे राख जाऊ लागली. झिओलाइट करून कोणी राखेचे डोंगर संपवील हे मनातून काढून टाका. अख्ख्या जगाला लागणारं झिओलाइट आपल्याच राखेपासून केलं तरी डोंगराला खरचटणार नाही.

म्हणून प्रश्न उलटा विचारावा. राख संपवायची कशी हा नाही, तर एखाद्या ठिकाणच्या सांडपाण्याला स्वस्त पदार्थ हवा आहे, तो राखेतून मिळतो का? या प्रश्नाचं उत्तर 'कधीकधी हो' असं आहे. माझं मत: शिसं सोडा, अमोनिया धरा. वसतिगृह, दूध डेअरी, कचरा डेपोचं झिरपणारं पाणी. इरईकाठची, तुमच्या झिओलाइटची विनिमय क्षमता, म्हणजे अदलाबदल करायची ताकद, किती आली?

इरईकाठची
शुक्रवार, दुपारी १:२०

काका, सगळ्यात चांगल्या खेपेची १०० ग्रॅमला २१० मिलिइक्विव्हॅलंट (अदलाबदल होणारा भार मोजायचं एकक). मूळ राखेची जेमतेम ४. १९९३ मध्ये जपानमध्ये शिगेमोतो वगैरेंनी आधी राख कॉस्टिकबरोबर साधारण ५५० अंशावर वितळवून मग पाण्यात शिजवायची रीत काढली. तिच्यात क्वार्ट्झ-म्युलाइटही फुटतात आणि आणखी चांगलं झिओलाइट मिळतं. पण मफल भट्टीचं बिल बघून आमचे विभागप्रमुख माझ्याकडे बघतात.

अमोनियाचा हिशेब कागदावर असा येतो: २१० म्हणजे ग्रॅमला २.१ मिलिइक्विव्हॅलंट, अमोनियम १८ नं गुणा, जवळजवळ ३८ मिलिग्रॅम. पण एसटी भरलेली असते, म्हणून चतुर्थांश धरू. ग्रॅमला ९ मिलिग्रॅम. सांडपाण्यात लिटरला ३० मिलिग्रॅम अमोनियम असेल तर किलोभर झिओलाइट ३०० लिटर पाणी साफ करील. मग मिठाच्या पाण्यानं धुऊन पुन्हा वापर.

शंकासुर
शुक्रवार, दुपारी २:०५

आणि ते मिठाचं पाणी? त्यात सगळा अमोनिया असणार.

इरईकाठची
शुक्रवार, दुपारी २:१८

हो. तुमचं नाव सार्थ आहे. ते पाणी शेतात टाकता येणार नाही, मीठ आहे. दुसरा मार्ग म्हणजे धुवायचंच नाही, अमोनियम भरलेलं झिओलाइटच खत म्हणून मातीत घालायचं, ते हळूहळू नत्र सोडतं. पण त्याआधी त्यातले जड धातू पाण्यात सुटून येतात का, ही चाचणी हवीच. राखेतून आलंय ते. आणि तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं: शिसं भरलेली भुकटी घातक कचऱ्यातच जाणार. आमच्यासाठी जवळची जागा म्हणजे बुटीबोरी. दोन वर्षांची मिळून आमची सव्वा किलो साठलीय. सव्वा किलोसाठी गाडी कोण पाठवणार? बरणीवर लाल अक्षरात लिहून कपाटात ठेवलीय.

आजीची_राखुंडी
शुक्रवार, दुपारी ४:४०

कपाटाला कुलूप लाव ग बाई. कॉलेजात नवा शिपाई आला तर भांडी घासायला नेईल.

जुना_केमिस्ट
शुक्रवार, संध्याकाळी ७:००

गोळ्यांबद्दल रात्री विचार करत होतो. तुम्ही आधी झिओलाइट केलंत, मग गोळ्या, मग भाजल्या. क्रम उलटा करा. आधी कच्च्या राखेच्या गोळ्या, थोडी माती घालून. त्या बिनधास्त भाजा, तेव्हा मोडायला झिओलाइट आहेच कुठे? भाजलेल्या गोळ्या मग कॉस्टिकमध्ये शिजवा. बाहेरचा थर झिओलाइटचा होईल, आत राख तशीच. क्षमता कमी येईल, पण पाणी उतरेल आणि धुणंही सोपं, अकरा वेळा राख बसायची वाट बघायला नको.

खडकवेडा
शुक्रवार, रात्री ८:१५

म्हणजे बसाल्टच्या पोकळीसारखंच. खडक आधी, स्फटिक नंतर.

ऊसवाला
शुक्रवार, रात्री ८:४०

काका, लई भारी. ताई, ढवळताना गोळ्या घासून झिजणार नाहीत याची काळजी घ्या. जाळीच्या पिशवीत टांगून शिजवा, आम्ही प्रयोगशाळेत चुनखडी तशीच टांगायचो.

इरईकाठची
पुढचा गुरुवार, रात्री १०:३०

काकांचा क्रम करून पाहिला. चार भाग राख, एक भाग कुंभाराची माती, मोठ्या बोराएवढ्या दोनशे गोळ्या. मुलांनी तळहातावर वळल्या, म्हणून काही लाडवासारख्या गोल आणि काही चिंचोक्यासारख्या. ८०० अंशाला भाजल्या. मग ऊसवाल्यांनी सांगितलं तसं कांद्याच्या लाल जाळीत बांधून बाटलीत टांगल्या. जाळी कॉस्टिकमध्ये टिकली हे सगळ्यात मोठं आश्चर्य.

दोनशेतल्या साठएक फुटल्या, बहुतेक चिंचोके. बाकीच्या तीनच वेळा धुवाव्या लागल्या. धुवण कॅनमध्ये. काल त्या अडीच इंची पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात भरल्या आणि मुलींच्या वसतिगृहाचं सांडपाणी गाळून सोडलं. पाणी उतरतं. दोन तास उभी राहून बघत होते, उतरतच होतं. अमोनियाचं पहिलं रीडिंग शनिवारी घेणार, तेव्हा आकडा काहीही आला तरी इथे टाकते.

बल्कर
गुरुवार, रात्री ११:५०

ताई, वाचलं. मस्त. राखड कमी पडली तर सांगजा. इकडं ते एकच कमी नाही.

शंकासुर
शुक्रवार, सकाळी ९:००

पाइपातून किती लिटर गेल्यावर रीडिंग घेणार आहात? आणि वसतिगृहाच्या पाण्यात साबण असतो, त्याचं काय?

इरईकाठची
शुक्रवार, सकाळी ९:०४

साबण. अरे देवा.